देव सोबत आहे म्हणता, मग म्हस कशी बुडाली?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. नवरा 44 वर्षांचा, शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगवर होता. दीड वर्षापूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. काम सुटलं, मुलगी बारावीला, ताई शिवणकामावर घर ओढतात. त्या लिहितात: ‘देव सोबत आहे, विश्वास ठेव, असं सगळे सांगतात. रोज प्रार्थना करते, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय. दुसऱ्या म्हणाल्या, घराण्यात काहीतरी शाप असेल. देव खरंच सोबत असेल तर जाणवत का नाही? आणि जाणवत नसताना विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?’

ताई, सलाम.

मी 34 वर्षं चर्चमध्ये पाळक होतो. त्यातली शेवटची 11 वर्षं रुग्णालयात, खाटांमधून फिरण्यात गेली. तुमच्यासारखा प्रश्न मला शेकडो वेळा ऐकायला मिळाला, बहुतेक वेळा जिन्यात किंवा औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत, कारण पेशंटसमोर कोणी असं विचारत नाही. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त भावलं: ‘नक्की काय करायचं’. त्याकडे येतोच. पण त्याआधी एक गाठ सोडवावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं होईल.

ऑगस्ट 2019 च्या महापुरातली गोष्ट आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 च्या वर गेलेलं. तुम्हीही ते दिवस पाहिले असतील. शिरोलीजवळ हायवे बंद, उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं शहराचे नळ कोरडे, चोहीकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट. एका शाळेत आसरा घेतलेल्या लोकांकडे आम्ही मंडळीतले सहा-सात जण भाकरी-पिठलं घेऊन गेलो होतो. चिखलीकडचीही काही कुटुंबं होती. जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, पाळकसाहेब, दोन शब्द बोला. मी बायबल उघडलं आणि पुराला साजेसा म्हणून यशयाचा 43 वा अध्याय काढला. पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत, ते वचन. मला वाटलं, यापेक्षा समर्पक काय असणार.

पाठीमागं बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. आमच्या मंडळीतले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, ‘पाळकसाहेब, माझी म्हस बुडाली की ओ.’

वर्गात कोणी हसलं नाही, कोणी त्यांना गप्पही केलं नाही. मला पुढं वाचता येईना. मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, कितव्या वेताची होती? ‘दुसऱ्या,’ ते म्हणाले. मग सुरू झाले. दावं सोडलं होतं, पण रेडकू आत राहिलं म्हणून ती परत गोठ्याकडं वळली. सकाळी किती दूध, संध्याकाळी किती, कुणाच्या हाताला पान्हा सोडायची, कुणाच्या नाही. अर्धा तास गेला असेल. शेवटी त्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाले, ‘हं, वाचा आता तुमचं काय ते.’

त्या रात्री मी ते वचन दुसऱ्यांदा वाचलं आणि खरं सांगतो, पहिल्यांदा नीट वाचलं. ही वचनं कोणाला उद्देशून आहेत? इ. स. पू. 586 मध्ये ज्या यहुदी लोकांचं यरुशलेम पडलं, मंदिर जळलं आणि ज्यांना बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, बंदिवासात नेलं गेलं, त्यांना. म्हणजे ऐकणाऱ्यांचं आधीच सगळं बुडालेलं होतं. त्यांना कोणी ‘तुमचं काही जाणार नाही’ असं सांगत नव्हतं, ते तर गेलंच होतं. ‘तू पाण्यातून जाशील तेव्हा’ असं वचन आहे, ‘गेलास तर’ असं नाही.

आता तुमच्या गाठीकडं येतो. ‘देव सोबत आहे’ आणि ‘देव यातून वाचवेल’ ही दोन आश्वासनं आपण एकत्र शिवून टाकलेली असतात. बायबलमध्ये ती वेगळी आहेत. सोबत असण्याचं वचन बिनशर्त आहे: युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले प्रभूचे शेवटचे शब्द. यातल्या ‘सर्व दिवस’मध्ये तुमचे मंगळवार, गुरुवार, शनिवारही येतात. सुटकेचं मात्र तसं नाही. कधी सुटका होते, कधी होत नाही. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटला आणि त्याच अध्यायात, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात, दुसरा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब तलवारीनं मारला गेला. याकोबासाठी मंडळीनं प्रार्थना केली नसेल का? लूकनं दोन्ही घटना लागोपाठ लिहिल्या आणि याकोबाच्या बाबतीत कारण दिलेलं नाही. मीही देणार नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण एकामागून एक गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पुढं ख्रिस्ताकडं आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. आणि 1921 मध्ये, म्हातारपणी, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. विश्वासात आल्यामुळं मरणं थांबली असं त्यांच्या आयुष्यात कुठंच दिसत नाही. तरी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत कामाला लागलेल्या दिसतात. मला रमाबाई यासाठी जवळच्या वाटतात. त्यांची साक्ष ‘मी मागितलं आणि मिळालं’ या साच्यात बसत नाही. आपल्याकडच्या साक्षी फार लवकर तिथं जातात.

या दोन आश्वासनांची गल्लत झाली की काय होतं? रिपोर्ट सुधारला तर देव जवळ, क्रिएटिनिन वाढलं तर देव लांब. दर महिन्याला रक्ततपासणी देवाचीच होते. तुम्ही दमलात त्याचं अर्धं कारण हे असावं असा माझा अंदाज आहे.

मग जाणवत का नाही? ताई, माझी बायको गेली त्यानंतर 14 महिने मला एकट्यानं प्रार्थना करता आली नाही. उपासना चालवत होतो, प्रभुभोजन देत होतो, लोकांच्या घरी जाऊन प्रार्थना करत होतो, कारण ती कामाची सवय होती. घरी आल्यावर खुर्चीत बसलो की काहीच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं तुम्ही म्हणता, मला तर भिंतीशी बोलावंसंही वाटत नव्हतं. मी हे कोणाला सांगितलं नाही, पाळकानं कसं सांगायचं! एका वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या एल्डरच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही. दर बुधवारी संध्याकाळी ते आणि आणखी दोघं माझ्याकडं यायचे, चहा ते स्वतःच टाकायचे, आणि निघताना माझ्यासाठी तीन-चार वाक्यांची प्रार्थना करायचे. मी फक्त आमेन म्हणायचो. काही बुधवारी तेही नाही.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळं आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथं लिहिलंय, येशूनं त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाशी बोलायला सुरुवात केली. खाली पडलेल्याच्या विश्वासाची तिथं चौकशी झालेली नाही. त्या बुधवारच्या तिघांचा विश्वास मला 14 महिने पुरला. म्हणून ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं जी बाई म्हणाली, तिला मनातल्या मनात एवढंच विचारा: मग बाजेचा एक कोपरा तुम्ही धरता का?

हे नुसतं चिडून लिहीत नाही. मंडळीत असं बोलणारी माणसं बहुधा दुष्ट नसतात, घाबरलेली असतात. तुमच्या घरात जे झालं ते आपल्या घरात होऊ शकतं, हे त्यांना सहन होत नाही. म्हणून काहीतरी कारण शोधून ते तुमच्या पदरात टाकायचं, म्हणजे आपण सुरक्षित. शापाचंही तेच. त्यावर फार शब्द खर्च करत नाही. योहानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याचा विषय निघाला, तेव्हाही ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, असंच उत्तर आहे. एवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

आणखी एक वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवलंच असेल: ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त देत नाही.’ प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या 10 व्या अध्यायातून ते काढतात. तिथं विषय मोहाचा आहे, पापात पडण्याच्या परीक्षेचा. आजारपणाचा किंवा कर्जाचा नाही. दुःखाबद्दल तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडं ओझं पडलं, इतकं की जगण्याचीही आशा उरली नाही. तेव्हा ‘मला सोसवत नाही’ असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही प्रेषिताच्या पंगतीला आहात. लाजू नका.

आता प्रार्थनेकडं. तुम्ही भिंतीशी काय बोलता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी ओळखू शकतो. ‘हे प्रभू, तुझी स्तुती असो, तू चांगला आहेस, यांना बरं कर, आमेन.’ त्यात चूक काही नाही. पण आत जे खदखदतंय त्यातलं त्यात काहीच नाही. माणूस ज्याच्याशी खोटं खोटं गोड बोलतो तो समोर असला तरी लांबच वाटतो, हे तर नवरा-बायकोतही होतं. स्तोत्रसंहितेतली 150 पैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. गाऱ्हाणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कोल्हापूरच्या माणसाला तो कळतो. ज्याच्याकडं गाऱ्हाणं घेऊन जातो तो ऐकणारा आहे आणि त्याच्या हातात काहीतरी आहे, हे त्यात धरलेलंच असतं. 13 वं स्तोत्र ‘कोठवर?’ असं विचारत सुरू होतं. 88 वं तर शेवटपर्यंत वर येतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द काळोख असा आहे. तरी ते बायबलात ठेवलेलं आहे, कोणी त्याला आनंदी शेवट जोडला नाही. आणि वधस्तंभावर प्रभूनं कुठलं स्तोत्र उचललं? 22 वं. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देव सोडून गेलाय असं वाटणं आणि तरी ‘माझ्या देवा’ म्हणणं, दोन्ही एका श्वासात. तुमची भिंत त्यानं पाहिलेली आहे.

22 वं स्तोत्र वाचलंत की पान न उलटता 23 वं वाचा. आपल्या सगळ्यांना ते तोंडपाठ असल्यामुळं एक गोष्ट निसटते. सुरुवातीला दावीद मेंढपाळाविषयी बोलतो: तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. सगळं ‘तो’, ‘तो’. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर मात्र शब्द बदलतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलणं चालत होतं, दरीत त्याच्याशी बोलणं सुरू झालं. मी हे एकदा वॉर्डात वाचून दाखवलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘अंधारात माणूस हाक मारतंच की.’ तिनं माझ्या प्रवचनाची 20 मिनिटं वाचवली.

तर नक्की काय करायचं.

लांब प्रार्थना सध्या बंद करा. खरंच सांगतोय. डायलिसिसला चार-चार तास बाहेर बसता, तेव्हा एक गाऱ्हाण्याचं स्तोत्र घ्या आणि हळू आवाजात, ओठ हलतील इतपत वाचा. मनातल्या मनात वाचलं तर मन भरकटतं. जिथं शत्रूंचा उल्लेख येतो तिथं आपले शत्रू घाला: कर्जाचा हप्ता, हिमोग्लोबिन, रात्री दोनला येणारी भीती. शब्दच फुटत नसतील तर रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं लिहिलंय. कण्हणं चालतं, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ.

डायलिसिसच्या वॉर्डातलं एक जोडपं मला आठवतं. तुमच्या नवऱ्याच्याही हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, केलेला असेल, आणि तिथं रोज बोट ठेवून थरथर लागते का बघा असं सिस्टरांनी शिकवलं असेल. थरथर थांबली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडं जायचं असतं. त्या दोघांची प्रार्थना बंद पडली होती. तो चिडका झालेला, पाणी मोजून प्यायचं, बाटलीवर स्केचपेननं रेघा मारलेल्या, उन्हाळ्यात त्यावरून रोज भांडणं. बाई मला म्हणाली, आम्ही दोघं आता काहीच म्हणत नाही हो रात्री. मग मला थोडं लाजून सांगितलं, दिवा मालवायच्या आधी ती त्याच्या हातावर दोन बोटं ठेवते आणि म्हणते, ‘चालू आहे.’ तो म्हणतो, ‘आहे नव्हं? झोप मग.’ एवढंच. सात-आठ महिने त्यांची संध्याकाळची प्रार्थना तेवढी होती. मी त्यांना वेगळी कुठली प्रार्थना शिकवली नाही. शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

मग तुमचं खाणं आणि झोप. हसू नका. एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश पाठवला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पाठवलं. तो खाऊन परत झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवलं तेही खाण्यासाठीच, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. शांत, मंद वाणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर. मी अशा कितीतरी बायका पाहिल्या, ज्या पेशंटचा बिनमिठाचा डबा घड्याळ लावून करतात आणि स्वतः दिवसभर चहावर असतात. मग चौथ्या दिवशी म्हणतात, देव जाणवत नाही. आधी जेवा. उपास तर आत्ता अजिबात करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

डॉक्टर आणि देव यांच्यात भांडण लावणाऱ्यांपासून लांब राहा. कुठल्यातरी सभेत ‘बरा झालास, आता मशीन बंद कर’ असं कोणी म्हणालं, तर उठून बाहेर या. डायलिसिस चुकवलं तर पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, आणि त्या वक्त्याला ते कळणारही नाही, तो पुढच्या गावाला गेलेला असेल. बरं करण्याचं दान देव देतो हे मी मानतो, त्यासाठी तेल लावून प्रार्थनाही केली आहे. पण ज्या पौलाच्या हातून माणसं बरी झाली, त्यानंच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, आणि सोबती त्रफिमाला आजारी म्हणून मिलेत शहरात मागं ठेवलं. लूक तर वैद्यच होता.

पैशाचं. तुम्ही लिहिलं नाही, पण शिवणकामावर हे भागत नसणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथं जा आणि नीट विचारून घ्या. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून सरकारी जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिसची सोय 2016 पासून सुरू झाली, तिथंही चौकशी करा. हे पाळकाचं काम आहे का? माझ्या मते आहे. एका अर्जाची झेरॉक्स काढून देताना मला काही वेळा प्रवचनापेक्षा जास्त उपयोगी पडल्यासारखं वाटलं आहे.

आणि लोकांकडं मागा. इथं आपण अडतो. आपली मंडळी जुनी, 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हापासूनच्या कामातून वाढलेली, सगळे एकमेकांच्या चार पिढ्या ओळखणारे. त्यामुळं मागायची लाज जास्तच. लोक म्हणतात, काही लागलं तर सांगा. आपण म्हणतो, प्रार्थनेत आठवण ठेवा. दोघंही सुटतात. पौल तुरुंगातून, बहुधा मरणाच्या दारात, तीमथ्याला शेवटचं पत्र लिहितो. पहिल्या जबाबाच्या वेळी सगळ्यांनी मला सोडलं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असं त्यात आहे. हे वाक्य आपण भिंतीवर लावतो. त्याच्या तीनच ओळी वर तो लिहितो, त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि थोडं खाली, हिवाळ्याच्या आत ये. ज्याच्याजवळ प्रभू उभा होता त्याला थंडीही वाजत होती. कोणाकडं, कुठल्या गावात, कुठली वस्तू, कधीपर्यंत, सगळं नेमकं सांगितलंय. तुम्हीही तसंच मागा. ‘मदत करा’ म्हणू नका. ‘गुरुवारी सकाळी यांना गाडीवरून सोडाल का’, ‘मुलीला रसायनशास्त्राचं दोन महिने बघाल का’, असं म्हणा. नेमकं काम सांगितलं की माणसं येतात, हा माझा अनुभव. ज्या दिवसांत देव आत जाणवत नाही, त्या दिवसांत तो बहुतेक याच दारानं येतो, आणि तेव्हा आपण त्याला ओळखत नाही, शेजारच्या काकू आल्या असं म्हणतो. माझ्या बाबतीत तर ती खरंच शेजारची काकू होती, आमच्या धर्माचीही नव्हती. 14 महिने तिनं आठवड्यातून दोनदा तांबडा रस्सा आणि भाकरी पाठवली. बुधवारचे वडील आणि तिचा रस्सा यांत मी आजही डावं-उजवं करत नाही.

नवऱ्याला विश्वासाबद्दल समजावू नका. त्याला आत्ता बहुधा याची लाज वाटत असणार की कमावता माणूस खुर्चीला जखडला गेला. फौंड्रीतल्या कामाचं विचारा, साचा कसा भरायचा, वितळलेलं लोखंड ओतताना काय बघायचं. म्हशीचं सांगितलं ना वर, तसंच. मुलीला मात्र खरं सांगा. मुलांना सगळं कळलेलंच असतं, फक्त बोलायला परवानगी नसते. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र पुढं बरळले, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तेवढं मात्र त्यांनी बरोबर केलं होतं.

झोपच लागत नाही, दोन-दोन आठवडे रडू थांबत नाही, जगून काय करायचं असं सारखं मनात येतंय, असं असेल तर ते विश्वास कमी असल्याचं लक्षण समजू नका आणि माझ्यासारख्या पाळकावर भागवूही नका. मनाच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416 वर केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. डायलिसिसवरची माणसं आतून खचतात आणि घरच्यांना तो नुसता चिडचिडेपणा वाटतो.

आणखी एक विचाराल म्हणून आधीच सांगतो. मला परत प्रार्थना करता यायला लागली तो दिवस कोणता, ते मला सांगता येत नाही. कुठलं दर्शन नाही, आवाज नाही. एका सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो, बाकावर टेकलो आणि बायकोच्या ऑपरेशनच्या बिलावरून देवाशी भांडत होतो. दहा-एक मिनिटांनी लक्षात आलं की आपण बोलतोय.

आता शनिवारचं बघा. मंगळवार-गुरुवार कसंतरी निभत असेल, पण शनिवारी मुलगी घरी, शिवणाची गिऱ्हाइकं संध्याकाळी कपडे न्यायला येणार, आणि तुम्ही दुपारभर रुग्णालयाच्या बाकावर. तेव्हा येत्या रविवारी उपासना सुटल्यावर त्या बाईंना गाठा, ज्यांनी तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून सांगितलं. त्यांना म्हणा, दर शनिवारी एक वाजता मला डबा आणून द्याल का? दोन भाकऱ्या, काहीतरी सुकी भाजी, आणि जमलं तर ताक. ताक फक्त तुमच्यापुरतं, ह्यांना मोजूनच.